घुबडांचे खानझोडे

खानझोडे भाऊजींच्या घरी चहाला गेलात तर टेबलावरच्या डब्यात हात घालण्याआधी चष्मा लावावा. एका डब्यात खारी असते. दुसऱ्या, अगदी तशाच डब्यात घुबडाची ओकारी असते.

ओकारी म्हणजे ओली घाण नव्हे. घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पचत नाहीत. मग ते मान पुढे काढून हाडं-केस एका लोळ्यात बाहेर टाकतं. अंगठ्याएवढा काळा लोळा असतो, लांबून खजुरासारखा दिसतो. भाऊजी हे लोळे खांबाखालून गोळा करतात, दुकानांच्या जाहिरातींच्या कागदावर वाळवतात आणि चिमट्याने उकलून आत किती कवट्या निघतात ते बघतात. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा चुकीचा डबा उघडला. झाकण परत लावलं आणि म्हटलं, "भाऊजी, तुमचा खजूर उतरलाय."

ते म्हणाले, "वहिनी, तीन-तीन कवट्या निघून राहिल्या एकेका लोळ्यात. सकाळी सकाळी माणसाला आणखी काय पाहिजे?"

माझ्या नातीच्या वाढदिवसाला त्यांनी काळ्या पुठ्ठ्यावर उंदराचा पूर्ण सांगाडा चिकटवून आणला. शेपटीचं शेवटचं हाडसुद्धा जागेवर होतं. पोरं केक सोडून त्याच्याभोवती जमली. आया केक सोडून लांब पळाल्या.

आम्ही राहतो ॲरिझोनात, चँडलरला. माझा मुलगा मिलिंद कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत आहे. माझे मालक, म्हणजे त्याचे वडील, गेल्यावर त्याने मला बार्शीहून इकडे आणलं, त्याला सात वर्षं झाली. आमचं आणि खानझोड्यांचं अंगण पाठीला पाठ लावून आहे, मध्ये सहा फुटांची भिंत. ते मूळ नागपूरचे, इथे येऊन चाळीस वर्षं झाली तरी बोलणं नागपूरचंच. तेही अशाच एका चिपांच्या फॅक्टरीत होते, आता रिटायर झालेत. मुलगी जर्सी सिटीला असते, रविवारी फोन करते. बायको, मंदाताई, तीन वर्षांपूर्वी गेल्या. मी त्यांना पाच-सहा वेळा भेटले असेन. कमी बोलायच्या. नवरा बोलायचा ते दोघांना पुरायचं.

फॅक्टरीत भाऊजींचं काम एकच होतं. चिपा खराब निघाल्या की त्या का खराब निघाल्या ते शोधायचं. त्याला ते रूट कॉज म्हणतात. मी चौथी शिकलेली बाई, पण हा शब्द मला त्यांनी इतक्या वेळा ऐकवलाय की आता झोपेतही लिहीन. एकदा मी सहज म्हटलं, आज आमटी खारट झाली. दुसरा कुणी म्हणाला असता, चालायचंच. हे म्हणाले, "रूट कॉज काय? मीठ दोनदा पडलं का चमचा बदलला?" चमचा बदलला होता.

एकदा मिलिंद आणि सूनबाई दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. भाऊजी स्क्रूड्रायव्हर परत द्यायला आले, दोघांची तोंडं पाहिली आणि सोफ्यावर बसले. "रूट कॉज काय आहे? सुरुवातीपासून सांगा, दोघंही. आधी कोण?" अर्ध्या तासाने ते दोघं मिळून त्यांच्यावर चिडले आणि त्या चिडण्यात आपापसात बोलायला लागले. भाऊजी जाताना मला म्हणाले, "सुटला प्रॉब्लेम."

मंदाताई गेल्यावर वर्षभर ते घराबाहेर फारसे दिसत नव्हते. मग एका सकाळी भिंतीपलीकडे एक उंच खांब उभा राहिला. त्याच्या टोकाला कोंबड्यांच्या खुराड्याएवढी लाकडी पेटी होती, आणि पेटीला गोल भोक. मी स्टुलावर चढून विचारलं, हे काय. ते म्हणाले, घुबडांसाठी घर.

मी म्हटलं, "भाऊजी, लोक घुबड घराजवळ येऊ नये म्हणून देवाला सांगतात."

"कोणते लोक?"

आमच्याकडे घुबडाला कुणी दगड मारत नाही, पण ते मायेपोटी नव्हे. घुबड तो दगड उचलून नदीवर नेतं आणि पाण्यात घासत बसतं. दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजतो, असं सांगतात. मी हे सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, इथे नदी कुठे आहे? अन् असली तर पाणी कुठे आहे तिच्यात?"

इथल्या नद्यांत खरंच वाळूच असते.

आमच्या कॉलनीला एक असोसिएशन आहे. तिची मॅनेजर पॅट नावाची बाई. वाईट नाही, पण तिला भिंतीपेक्षा उंच काही दिसलं की झोप येत नाही. तिचं पत्र आलं, पेटी काढा. भाऊजींनी चार पानांचं उत्तर लिहिलं. तिचं दुसरं पत्र आलं, काढा. त्यांनी नऊ पानं लिहिली, नकाशासह. शेवटी ती कंटाळली आणि म्हणाली, ठेवा, पण कॉलनीच्या ठरलेल्या रंगांपैकी एक रंग द्या. ते ठरलेले चार रंग मी पाहिले आहेत. चारही वाळूचे.

पहिल्या वर्षी पेटीत फक्त एक कबुतर येऊन बघून गेलं. दुसऱ्या वर्षी थंडीत घुबडांची जोडी आली. मी संध्याकाळी अंगणात बसले असताना एक माझ्या डोक्यावरून गेलं आणि मला कळलंसुद्धा नाही, इतकं बिनआवाजी. तोंड पांढरं, मधोमध कापलेल्या सफरचंदासारखं. चारेक आठवड्यांनी पेटीतून पिल्लांचा आवाज यायला लागला. घुबडाची पिल्लं घुमत नाहीत. कुकरची शिट्टी बिघडली की नुसती वाफ फुसफुसत राहते, तसा आवाज. भाऊजी कान देऊन म्हणाले, "चार आहेत." कसं ओळखलं त्यांनाच ठाऊक. ते खांबाखाली लोळे वेचायला जायचे तेव्हा डोक्यावर सायकलचं हेल्मेट घालायचे, कारण मादीने एकदा त्यांच्या टकलावर नखं घासली होती. मी म्हटलं, पाहुणे चांगले आहेत. ते म्हणाले, "आई आहे ती. तिचं बरोबर आहे."

त्याच सुमाराला उंदरांची तक्रार सुरू झाली. इथले उंदीर भिंतींवरून आणि झाडांवरून चालतात, खाली उतरत नाहीत. आमच्या मागच्या अंगणात संत्र्याचं झाड आहे. सकाळी पाहावं तर संत्रं फांदीला तसंच लटकलेलं, वर एक गोल भोक, आत काही नाही. नुसती सालीची वाटी. कुणाच्या गाडीची वायर खाल्ली, कुणाच्या माळ्यावर पिल्लं निघाली. असोसिएशनचं सगळ्यांना पत्र आलं की प्रत्येक मागच्या भिंतीला विषाचा काळा डबा बसवणार, एका कंपनीला काम देणार.

खरं सांगते, मला यात काही वाईट वाटलं नाही. बार्शीत आमचं भुसार दुकान होतं. पोत्यांमागे आम्ही विष ठेवायचोच. अधूनमधून दुकानातलं मांजर मरायचं. मग दुसरं मांजर आणायचो. ते का मेलं असं कुणी विचारलं नाही.

भाऊजींनी विचारलं असतं. ते पत्र हातात घेऊन आमच्याकडे आले, खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस झिंगल्यासारखा फिरत राहतो. असा मंद उंदीर घुबडाला आयता सापडतो. ते उचलतं, पिल्लांना भरवतं. मग सगळं घर आतल्या आत रक्त सुटून मरतं. मागच्या वर्षी पलीकडच्या कॉलनीत त्यांना एक घुबड तळ्याकाठी बसलेलं सापडलं होतं, भर दुपारी, डोळे मिटून. त्यांनी ते मंदाताईंच्या शालीत गुंडाळून पक्ष्यांच्या डॉक्टरकडे नेलं. गाडीतच गेलं.

"चार पिल्लं आहेत वहिनी," ते म्हणाले. "उडायला अजून दीड-दोन महिने लागून राहिले त्यांना."

मग ते पॅटकडे गेले. दोन महिने द्या म्हणाले, विषाशिवाय उंदीर कमी करून दाखवतो. पॅटने कंपनीच्या माणसाला विचारलं. ठरलं असं की तो माणूस दर पंधरा दिवसांनी प्रत्येक भिंतीवर काळी पूड फासलेले पुठ्ठे ठेवेल. दोन महिन्यांनी पुठ्ठ्यांवर उंदरांची पावलं उमटायची थांबली तर विष नाही. उमटत राहिली तर डबे बसणार.

त्या दिवसापासून या माणसाने कॉलनीला सुखाने बसू दिलं नाही. घरोघर जाऊन पडलेली संत्री उचलायला लावली. भिंतीला टेकलेल्या फांद्या स्वतः छाटल्या. कौलांखालची भोकं तारेच्या जाळीने बुजवली. चापाच्या सापळ्यांना शेंगदाण्याचं लोणी लावून ते कुठे ठेवायचे याचे नकाशे वाटले. एक तेलुगू बाई चिमण्यांना दाणे टाकायची, तिच्या दारात बसून तिला दोन महिने दाणे बंद करायला लावलं. ती म्हणाली, पाप लागेल. हे म्हणाले, माझ्या नावावर टाका. पोरं त्यांना आउल अंकल म्हणायला लागली.

मी विचारलं, "एवढं सगळं तुम्हीच करायचं, तर घुबडं काय करतात?"

"घुबड जादू नाही जी. घुबड नोकरीवर येतं. ऑफिस आपण साफ ठेवायचं."

महिन्याभरात फरक दिसायला लागला. सगळीकडचे पुठ्ठे स्वच्छ होत चालले. एक भिंत सोडून. ती आमची, म्हणजे आमच्या आणि त्यांच्यामधली. आमच्या पुठ्ठ्यावर इतकी पावलं असायची की जणू तिथे आठवड्याचा बाजार भरला होता. भाऊजींच्या डोळ्यांवरची झोप उडाली. घुबडांच्या खांबाखालीच उंदीर. त्यांनी आमच्या झाडाची संत्री एकूणएक उतरवली, गटाराचं झाकण बदललं, माझा कढीपत्ताही हुंगून पाहिला. शेवटी भिंतीवर अंधारात दिसणारा एक कॅमेरा लावला. म्हणाले, "आठ दिवसांत रूट कॉज सांगतो वहिनी."

आठ दिवस झाले. ते काही बोलले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, बघून राहिलो. दोन दिवसांनी परत विचारलं तर विषय बदलून सुनेच्या गाडीचं ऑइल कधी बदललं ते विचारायला लागले.

मग असोसिएशनची मीटिंग झाली, पूलशेजारच्या हॉलमध्ये. मिलिंद मला घेऊन गेला. साठेक लोक होते. पॅट म्हणाली, सगळीकडे चांगलं काम झालंय, पण एका भिंतीवरून उंदीर हटत नाहीत आणि तिथून ते परत पसरतील. मिस्टर खानझोडे, तुम्ही कॅमेरा लावला होता. कारण सापडलं का?

भाऊजी उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. म्हणाले, "नॉट येट."

मागून आपल्यातलाच कुणी पोरगा म्हणाला, "आउल अंकल, तुमची घुबडं व्हेजिटेरियन असतील यार." लोक हसले. भाऊजीही हसले, पण खाली बसताना त्यांनी खुर्ची हाताने चाचपून पाहिली, डोळ्यांना दिसत नसल्यासारखी. पॅट म्हणाली, ठीक आहे, तीन आठवड्यांनी शेवटची तपासणी. त्या भिंतीवर पावलं दिसली तर डबे.

आता माझं सांगते.

मालक गेल्यापासून मी रोज दुपारी जेवायच्या आधी त्यांच्या नावाने घास काढते. बार्शीत कावळा यायचा. इथे कावळे नाहीत. एक काळा लांब शेपटीचा पक्षी आहे, पण तो कावळा नव्हे आणि मी त्याला मानत नाही. तरी मी घास ठेवायचे. स्टीलच्या लहान ताटलीत भात, वरण, वर तूप, आणि ती ताटली स्टुलावर चढून मागच्या भिंतीवर. संध्याकाळपर्यंत तशीच असायची. सकाळी रिकामी. कोण खातं ते मी बघायला गेले नाही. खातात एवढं मला पुरत होतं. उंदीर खात असतील हे सुचलं नाही का, असं कुणी विचारेल. सुचलं असतं. मी सुचू दिलं नाही.

मीटिंगच्या आधी काही दिवसांपासून ताटलीत एक बदल झाला होता. पूर्वी सकाळी शितं सांडलेली असायची, तूप कडेला थिजलेलं असायचं. आता ताटली लख्ख असायची. चाटून पुसल्यासारखी नव्हे, धुतल्यासारखी. पहिले दोन-तीन दिवस मला बरं वाटलं. म्हटलं, आज पोटभर जेवले. मग एका सकाळी ताटलीला लिंबाच्या साबणाचा वास आला.

इथे मात्र मी थांबले. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःचं खरकटं ताट उचलून कधी मोरीत नेलं नाही. मेल्यावर धुवायला लागले असतील, हे मला पटेना.

त्या दिवशी ऊन कलल्यावर मी संत्र्याच्या झाडामागे खुर्ची टाकून बसले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे शिडी टेकल्याचा आवाज झाला. आधी हेल्मेट वर आलं, मग भाऊजी. त्यांनी ताटली उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि शिडीवर उभ्या उभ्या बोटांनी भात कालवून खायला लागले. घाईने नाही. नीट, एकेक घास. मागे पेटीतून पिल्लं फुसफुसत होती.

मी उठून पुढे आले. "भाऊजी, काय करताय?"

त्यांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी गिळला. "वहिनी. हिंग छान पडला आज वरणात."

"तो माझ्या मालकांचा घास आहे."

"माहीत आहे."

"माहीत आहे आणि खाताय?"

त्यांनी ताटली भिंतीवर ठेवली. "उंदीर येऊन राहिले होते जी याच्यावर. कॅमेऱ्यात दिसलं. सातजण. ताटलीत बसून जेवत होते, अगदी पंगतीला बसल्यासारखे."

मी ताटलीकडे पाहिलं.

"तुम्हाला सांगणारच होतो," ते म्हणाले. "सांगायला आलो त्या दिवशी तुम्ही मिलिंदला म्हणून राहिल्या होत्या, काल त्यांना भात आवडलेला दिसतोय, चार शितंच उरली. मी इकडे शिडीवरच होतो. मग शिडी घेऊन परत गेलो. काय सांगू? म्हटलं, ऊन उतरायच्या आत आपणच उचलावा. उंदीर येतात, पाहतात, काही नाही म्हणून जातात. आठ-दहा दिवसांत यायचं बंद करतील. तुमचाही घास राहतो, पिल्लंही राहतात."

"उचला. पण खाता कशाला? टाकून द्यायचा."

"तूप असतं न त्याच्यावर," ते म्हणाले. "अन् गार असला तरी घरचा असतो."

"मग मीटिंगमध्ये खोटं का बोललात? कारण सापडलं नाही म्हणून?"

त्यांनी हेल्मेटचा पट्टा सैल केला. "साठ लोकांसमोर तुमच्या मालकांचं जेवण काढू का मी वहिनी?"

शिडी उतरल्याचा आवाज आला. ताटली ते धुवायला घेऊन गेले होते.

मी घरात आले आणि कणीक मळायला घेतली. राग आला होता, पण त्यांचा नाही. माझ्या मालकांनी जन्मभर भुसार दुकान चालवलं. उंदरांना दिल्या तेवढ्या शिव्या त्यांनी माणसांना दिल्या नसतील. आणि त्यांच्याच नावाने मी सात वर्षं उंदीर पोसले, तेही तूप घालून. कणीक मळता मळता मला हसू आलं. सून विचारत होती काय झालं. मी म्हटलं, तुझ्या सासऱ्यांना हे कळलं तर ते परत येतील, मला बोलायला.

हसणं झाल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. या माणसाने अख्ख्या आयुष्यात एकच काम केलं, कारण शोधून सगळ्यांपुढे मांडायचं. त्याला कारण सापडलं होतं. त्याची चार पिल्लं त्या एका वाक्यावर जगणार होती. आणि लोक हसत असताना तो माझ्यासाठी गप्प बसला. मला कुणाचे आभार मानायची सवय नाही. आमच्याकडे आभार मानत नाहीत, वाटीत काहीतरी घालून वाटी परत करतात. पण हे वाटीत मावण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीवर घास ठेवला नाही. मालकांना मनात सांगितलं, आता तुमचं तुम्ही बघा.

तीन आठवड्यांनी परत हॉलमध्ये गेलो. कंपनीचा माणूस पुठ्ठे घेऊन आला होता. पॅट काही बोलायच्या आधी मी उभी राहिले. मिलिंद म्हणाला, "आई, प्लीज, सीन नको." मी म्हटलं, तू फक्त इंग्रजीत सांग. मग मी सांगितलं की त्या भिंतीवर उंदीर का येत होते. मी त्यांना रोज वरण-भात वाढत होते. खानझोड्यांना ते कळलं होतं, पण एका म्हाताऱ्या बाईची लाज राखायला ते बोलले नाहीत.

मिलिंद म्हणाला, "माय मदर वॉज फीडिंग द रॅट्स बाय मिस्टेक."

एवढं मला कळतं. मी म्हटलं, "अर्धं खाऊ नकोस. कुणासाठी ठेवत होते ते सांग."

त्याने सांगितलं. त्याला ते सांगताना दोनदा थांबावं लागलं. मागे तो व्हेजिटेरियनवाला पोरगा बसला होता, तो मोबाईल खिशात घालून खाली बघत होता. मग पुढच्या रांगेतल्या एका गोऱ्या म्हाताऱ्याने हात वर करून विचारलं, त्या भातावर नेमकं काय घालता. मिलिंदने त्याला तूप समजावून सांगितलं. म्हातारा म्हणाला, मग उंदरांचा काही दोष नाही.

कंपनीच्या माणसाने आमच्या भिंतीवरचा पुठ्ठा वर धरला. काळी पूड जशीच्या तशी. त्यावर एक सरड्याची शेपटी ओढल्याची रेघ होती, बाकी काही नाही. पॅटने मत घेतलं. विषाचे डबे नाहीत, पेटी राहील. फक्त खांबालाही वाळूचा रंग द्यावा, असं ती म्हणाली. भाऊजी उभे राहून म्हणाले, चारपैकी कोणता, ते लेखी कळवा.

मे महिन्यात पिल्लं उडाली. एका संध्याकाळी चौघं आमच्या भिंतीवर ओळीने बसली, पांढरी तोंडं माझ्याकडे करून, माना डाव्या-उजव्या करत. मी शेंगा सोलत होते. म्हटलं, बघा बाबा, नीट बघून घ्या. नंतर ती गेली.

पिल्लं गेल्यावर भाऊजी तीन-चार दिवस दिसले नाहीत. मग एका सकाळी दाराची बेल वाजवून आले. हातात माझी ताटली होती. त्यांच्याकडेच राहिली होती, घासून आरशासारखी केलेली. दिली. मी घेतली. तरी ते उभेच.

"घास ठेवणं आता बंदच न वहिनी?"

"बंद. साठ लोकांसमोर सांगितलंय."

"बरोबर आहे. बरोबर आहे," ते म्हणाले आणि आमच्या पायपुसण्याकडे पाहत राहिले. "नाही, म्हणजे बरोबरच आहे ते."

मी म्हटलं, "एक वाजता जेवायला या. शिडीवर उभं राहून खायचं नाही. टेबलावर बसून."

ते पावणेएकलाच आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी ताट वाढलं. भातावर तूप घातलं, पोळी वाढली. त्यांनी लगेच सुरुवात केली नाही. वरण-भाताचा एक लहान घास करून तो ताटाच्या कडेला वेगळा ठेवला. त्यांनी त्या घासाकडे थोडा वेळ पाहिलं.

"मंदाला भात आवडत नव्हता," ते म्हणाले. "पोळी आवडायची."

मग तो घास त्यांनी परत भातात मिसळला, पोळीचा एक तुकडा तोडला, त्याला तूप लावलं आणि भाताच्या जागी तो ठेवला. नंतर जेवायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून मी एक पोळी जास्तीची लाटते.